रक्तचाचणीचा होकार आणि त्यापुढची वाट

आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’चे फलक आता सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांच्या बाजारपेठांतूनही दिसू लागले आहेत. त्यांतील महागड्या पॅकेजांत पुष्कळदा ‘सीईए’ नावाची रक्तचाचणी समाविष्ट असते, आणि ती ‘कर्करोगाची तपासणी’ म्हणून करून घेतली जाते. अहवालातील आकडा मर्यादेत आला, की निवृत्तीकडे झुकलेला शिक्षक वा कारकून निर्धास्त होतो. ही निर्धास्तता अनाठायी आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असताना हे द्रव्य रक्तात वाढलेले असतेच असे नाही. उलट धूम्रपान करणाऱ्यांत किंवा यकृताच्या विकारात कर्करोगावाचूनही ते वाढते. गोल्ड आणि फ्रीडमन या संशोधकांनी १९६५ साली कॅनडात या द्रव्याचा शोध जाहीर केला, तेव्हा मोठ्या आशा निर्माण झाल्या होत्या. आज त्याचा उपयोग मुख्यतः निदान झालेल्या रुग्णाच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यापुरता उरला आहे.

तशाच आशेची नवी लाट आता आली आहे. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘शील्ड’ या रक्तचाचणीला ४५ वर्षे व त्यावरील, सर्वसाधारण जोखमीच्या व्यक्तींसाठी मान्यता दिली. तिच्या चाचपणीत ७,८६१ जणांचे निष्कर्ष विचारात घेतले गेले. त्यांपैकी ६५ जणांना कर्करोग होता आणि चाचणीने ५४ जणांना अचूक हेरले. म्हणजे प्रमाण ८३ टक्के. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु पुढे कर्करोगात रूपांतर होण्याची भीती असलेल्या गाठी ज्यांच्या आतड्यात होत्या, त्यांच्यापैकी अवघे १३ टक्के लोक या चाचणीला सापडले. आतड्याच्या कर्करोगाचे वैशिष्ट्य असे, की तो बहुधा अशा गाठीतून कित्येक वर्षांच्या अवधीत उद्भवतो आणि गाठ वेळीच काढली तर रोगच टळतो. जी चाचणी रोग शोधते पण गाठ शोधत नाही, ती आग लागल्याची वर्दी देते. ठिणगी विझवीत नाही.

या उणिवेचे कारण शरीराच्या व्यवहारातच आहे. मृत पेशींतील डीएनएचे तुकडे रक्तात मिसळत असतात, आणि अर्बुदातून आलेले तुकडे त्यांवरील रासायनिक खुणांवरून ओळखणे हे या चाचणीचे तत्त्व आहे. परंतु अर्बुद जितके लहान, तितके हे तुकडे विरळ. निरोगी पेशींच्या तुकड्यांच्या गर्दीत ते शोधणे म्हणजे सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका विवक्षित शेतातील कांडी निवडण्यासारखे आहे. त्यात वय वाढेल तसे रक्तपेशींतही काही बदल होतात आणि तेही कर्करोगाच्या खुणांशी साम्य दाखवू शकतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. रोग नसलेल्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे दहांना ही चाचणी चुकून ‘होकार’ देते. समजा, सांगली जिल्ह्यात पंचेचाळिशी ओलांडलेल्या एक लाख लोकांची तपासणी झाली आणि त्यांतील शंभर जणांना खरोखर कर्करोग आहे. अमेरिकेच्या मानाने भारतात या रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी असल्याने हे गृहीतही उदारच म्हटले पाहिजे. चाचणी ८३ रुग्ण शोधील, १७ जणांना खोटा दिलासा देईल आणि ९,९९० निरोगी माणसांना धोक्याची सूचना देईल. या दहा हजारांवर लोकांची दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने, तपासणी करणे क्रमप्राप्त ठरेल. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तरी रोज ३३ तपासण्या झाल्या.

मिरजेची वैद्यकीय ख्याती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॉन्लेस यांनी उभारलेल्या रुग्णालयापासूनची, आणि कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतील शेतमजुराला तेथवर पोचण्यासाठी रोज बुडवावा लागतो, आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध घ्यावे लागते आणि सोबत कोणी तरी न्यावे लागते. गावी सुटीवर असताना रक्त देऊन परराज्यात परतलेल्या गलाई कामगाराला ‘होकार’ कळवायचा कोणी, आणि त्याची पुढील तपासणी करायची कोठे? पुढची पायरी बांधल्यावाचून पहिली पायरी चढायला लावणे म्हणजे चिंतेचे वाटप करणे होय.

दुसरी अडचण वयाची. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठशे रुग्णांच्या पाहणीत त्यांचे सरासरी वय ४७ होते. पंचेचाळिशीची अट लावली तर येथील रुग्णांचा मोठा भाग चाचणीच्या कक्षेबाहेरच राहील. अमेरिकेतील लोकांवर पारखलेले माप येथे जसेच्या तसे लागू पडेल, असे मानणे धाडसाचे आहे.

याचा अर्थ रक्तचाचणी त्याज्य आहे असा नव्हे. शौचातील अदृश्य रक्त शोधण्याची साधी चाचणी कितीतरी स्वस्त आहे. अशा चाचणीने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९९३ मध्ये दिसून आले, आणि जपानने १९९२ पासून तिचा देशव्यापी अवलंब केला. तथापि शौचाचा नमुना देण्याचा संकोच सार्वत्रिक आहे. रक्त देण्याचा तितका नाही. न केलेल्या उत्तम चाचणीपेक्षा केलेली मध्यम चाचणी बरी, हा युक्तिवाद वजनदार आहे. मात्र रक्तचाचणीने मृत्यू घटतात, हे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे.

ते सिद्ध कसे करावे, याचा धडा महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्या पारखल्या गेल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले: विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात ३४ मृत्यू, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ६४. तेथे केवळ नमुने गोळा केले नव्हते. ‘होकार’ आलेल्या स्त्रीची पुढील तपासणी आणि उपचारही योजनेचा भाग होते. आतड्याच्या कर्करोगासाठी रक्तचाचणी व शौचचाचणी यांची अशी तुलना सातारा-सांगलीत होऊ शकते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये आखलेल्या तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांचा समावेश होता. आतड्याचा क्रम लागेपर्यंत एक गोष्ट फारशा खर्चावाचून करता येण्याजोगी आहे. शौचावाटे रक्त जाते म्हणून आलेल्या रुग्णाला ‘मूळव्याध’ म्हणून मलम देऊन परत पाठविण्यापूर्वी बोटाने तपासावे. भारतात या कर्करोगाचा मोठा वाटा गुदाशयात असतो, आणि त्यातील पुष्कळ अर्बुदे बोटाला लागतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही; एक हातमोजा आणि पाच मिनिटांची सवड पुरते. ही सवड प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू लागली, तर उद्याच्या रक्तचाचणीलाही पाय रोवायला जागा मिळेल.