उघड्या शाफ्टचे यंत्र वावरात घेऊ नका



ऊस तुटून गेला की फडात पाचटाचा थर राहतो. ते पेटवू नका, कुट्टी करून जागेवर कुजवा, हे आपले शेतकी खाते दर हंगामात कानीकपाळी ओरडून सांगते. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते, आणि ते जाळले की त्यातला कर्ब व नत्र धुरावाटे निघून जातो, हे आता बहुतेक सभासदांना पटले आहे. त्यामुळे ट्रॅक्टरमागे चालणारी पाचट कुट्टीची यंत्रे गावोगाव भाड्याने फिरू लागली आहेत. याचा आम्हाला आनंदच आहे. पण यंत्र घ्या म्हणून ज्यांनी सांगितले, त्यांनीच ते कसे जोडावे आणि कुठे हात घालू नये हेही सांगितले पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. ज्या यंत्राच्या पीटीओ शाफ्टवर कव्हर नाही, ते यंत्र सभासदाने आपल्या वावरात उतरू देऊ नये. मग भाडे कितीही कमी असो, ड्रायव्हर कितीही ओळखीचा असो.

ट्रॅक्टरची ताकद मागच्या यंत्राला पोचवणारा हा शाफ्ट साधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदाला 9 फेरे. सांध्याजवळ त्याचा घेर वीतभर तरी भरतो. धोतराचा सोगा, टॉवेलचे टोक किंवा साडीचा पदर त्यात सापडला, तर सेकंदाभरात चार हात कापड त्यावर गुंडाळले जाते, आणि कापडामागून माणूस जातो. बैल बिथरला तर कासरा ओढून आवरता येतो. इथे ओढाताणीला वेळच मिळत नाही.

याबद्दल गावात बोलले की तीन उत्तरे हमखास मिळतात. पहिले, "कव्हर असलं की ग्रीस मारायला अडचण होते बघा." इंजिन बंद करून कव्हर सरकवावे आणि ग्रीस मारावे, पाच मिनिटांचे काम आहे. कव्हर टिकत नाही म्हणतात, त्याचेही कारण साधे आहे. कव्हरला एक बारीक साखळी असते, ती ट्रॅक्टरला अडकवायची असते. मग शाफ्ट आत फिरतो आणि कव्हर जागच्या जागी राहते. साखळी तुटली की कव्हरही शाफ्टबरोबर गरगरते आणि फुटते. म्हणजे दुरुस्ती साखळीची हवी, कव्हर फेकून द्यायचे नाही.

दुसरे उत्तर, "ड्रायव्हर लई तरबेज आहे." असेल. पण तो सीटवर बसलेला असतो. शाफ्टजवळ वाकतो तो अडकलेले पाचट ओढणारा गडी, नाही तर स्वतः मालक. तिसरे उत्तर, "थांबायला वेळ कुठाय?" त्याबद्दल शेवटी लिहितो.

यंत्र जोडतानाही अशीच घाई होते. जोडणी सपाट जागेवर करावी. ट्रॅक्टर मागे घेत असताना ट्रॅक्टर आणि यंत्र यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. खूण करणाऱ्याने बाजूला उभे राहून करावी. इंजिन बंद, हॅन्डब्रेक ओढलेला, मगच खाली उतरावे. आधी डावा खालचा हात जोडावा, मग उजवा, कारण खालीवर करण्याची मूठ उजव्या हाताला असते. त्यानंतर टॉप लिंक आणि सर्वांत शेवटी पीटीओ शाफ्ट. सोडताना हाच क्रम उलटा. प्रत्येक पिनेला तिची लिंच पिन लावावी. खिळा किंवा तारेचा आकडा हा तिला पर्याय नव्हे.

शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात. यंत्र हायड्रोलिकने सावकाश वरखाली करून पाहावे. कुठल्याही उंचीवर ते दोन भाग एकमेकांवर टेकता कामा नयेत किंवा निसटताही कामा नयेत. शाफ्टला सेफ्टी बोल्ट असेल तर तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. जोर पडला तर त्याने तुटावे आणि गिअरबॉक्स वाचवावा, हेच त्याचे काम. तिथे कडक बोल्ट ठोकणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे.

फड कुट्टीला देण्याआधी दगड, तारा आणि ठिबकच्या नळ्या काढून घ्याव्यात. फिरती पाती दगडाला गोफणीसारखे भिरकावतात. म्हणून मागचे रबरी पडदे शाबूत हवेत आणि पोराबाळांना बांधावरही उभे करू नये. मडगार्डवर नातवाला बसवून फेरी मारण्याची हौस तर कुट्टीच्या वेळी मुळीच नको. वळणावर यंत्र उचलण्याआधी पीटीओ बंद करावा. पीटीओ बंद केला तरी जड रोटर काही वेळ फिरतच राहतो; तो पुरता थांबल्याचे डोळ्यांनी पाहावे, तोवर जवळ जाऊ नये. उचललेल्या यंत्राखाली भक्कम ठोकळे दिल्याशिवाय पाती तपासायला शिरू नये. हायड्रोलिकच्या भरवशावर जीव ठेवायचा नसतो.

मळणी यंत्रात हात जाऊन माणसे कायमची अधू होत, म्हणून 1983 साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. कायदा हवाच. पण कायदा काही बांधावर येऊन उभा राहत नाही. तिथे उभा असतो शेताचा मालक, आणि 'थांबा' म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो.

आता वेळेचे. कुट्टीचे भाडे एकरावर ठरते. त्यामुळे यंत्र थांबले की नुकसान ड्रायव्हरचे होते आणि तो इंजिन चालू ठेवूनच पाचट काढायला सांगतो. वर आपण बांधावरून "आटपा, आटपा" करतो. म्हणजे ही घाई ड्रायव्हरच्या स्वभावातून कमी आणि आपल्या सौद्यातून जास्त येते. तेव्हा सौदा ठरवतानाच दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. एक, शाफ्टला कव्हर असेल तरच काम. दुसरी, इंजिन बंद करून पाचट काढायला जो वेळ जाईल, त्याबद्दल कुरकुर करायची नाही. लागलेच तर एकरामागे चार पैसे जास्त द्यायचे. दहा सभासदांनी उघड्या शाफ्टचे यंत्र परत पाठवले, तर अकराव्याकडे ते कव्हर लावूनच येईल. मालाला गिऱ्हाईक नसले की दुकानदार सुधारतो, तसेच हे आहे.

खोडव्याची कामे वेळेवर झाली पाहिजेत, हे आम्हीच सांगतो. पण कव्हरचे यंत्र मिळेपर्यंत कुट्टी एखादा दिवस पुढे गेली म्हणून खोडवा बुडत नाही. गड्याचा हात गेला तर त्याचे घर बुडते, आणि तो गडी आपल्याच गावचा असतो. तेव्हा या हंगामात यंत्र शेतात आले की भाड्याचे बोलण्याआधी त्याच्यामागे जाऊन शाफ्ट पाहावा, एवढीच सर्व सभासदांना आमची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी