9 भाग आणि 19 वर्षे

'पाताल लोक' संथ आहे, खरी आहे, सामान्य माणसांची गोष्ट आहे, असे सांगणारे मित्र मला नेहमी भेटतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मीही तिचे 9 भाग दोन रात्रींत संपवले. हाथीराम चौधरीची चौकी, त्याच्या घरची कटकट, सारे पटले. कबीर एम. हा आरोपी तर जिव्हारी लागला. बापाने त्याला मुसलमान म्हणून वाढवलेच नाही. खतना आजारामुळे झाल्याचा दाखला तो जवळ बाळगतो, तरी तपास यंत्रणा त्याला दहशतवादी ठरवून मोकळी होते.

मग माझी तक्रार काय? हाथीरामला सत्य कळते आणि मालिका संपते. आमच्याकडे गोष्ट तिथून सुरू होते.

नागपूरकर वर्धा रोडने मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीजवळून रोज जातात. 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांतले काही आरोपी त्या भिंतीआड होते. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या 5 जणांना फाशी. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने साऱ्यांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब, ओळख परेड, काहीच टिकले नाही. राज्य सरकार अपिलात गेले आहे, पण सुटलेल्यांना पुन्हा आत जावे लागलेले नाही. फाशी झालेल्यांपैकी एक, बिहारमधल्या मधुबनीचा, 2021 मध्ये इथे कैदेत असतानाच कोरोनाने वारला होता. निकालानंतर त्याच्या घरच्यांनी जरीपटक्याच्या कब्रस्तानात येऊन कबरीपाशी निकाल वाचला.

याहून संथ कथा कुठली हवी? पण ती कुणाला नको. 2015 मध्येच निर्दोष सुटलेल्या वाहिद शेख यांच्यावर 'हीमोलिम्फ' हा सिनेमा 2022 मध्ये आला. तो पाहिलेला एकही माणूस माझ्या ओळखीत नाही, आणि हे सारे 'वास्तववादी' मालिकांचे चाहते! पडद्यावर मुसलमान एकतर बाँबवाला किंवा अन्सारीसारखा हुशार, सोशिक पोलीस. 19 वर्षे तारखा मोजणारी बायको नाही, वकिलाच्या फीसाठी घर विकणारा भाऊ नाही.

त्या स्फोटांत 180 हून अधिक प्रवासी मेले. डबे उडवले कुणी, हेही त्यांच्या घरच्यांना अजून कळलेले नाही. हाथीरामसारखा हट्टी अंमलदार त्यांनाही हवाच होता. पुढच्या वेळी कुणी मला संथ मालिका सुचवली तर मी त्याला मुलाखतीच्या दिवशी कारागृहाच्या फाटकाशी घेऊन जाणार आहे. रांग सकाळीच लागते.