घरच्या शोधांची नोंद ठेवा

आपल्या शेतकरी वर्गात कल्पकतेची उणीव आहे, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. जुन्या सायकलीच्या चाकास पास जोडून केलेले कोळपे आज अनेक गावांत चालते. परंतु त्याचा मूळ कर्ता कोण, हे ते चालविणारास बहुधा ठाऊक नसते. उणीव आहे ती लिहून ठेवण्याची.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे कै. दादाजी खोब्रागडे यांचेच उदाहरण घ्यावे. जमीन अवघी दीड एकर, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांस काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या मळणीत घातल्या असत्या. यांनी त्या निराळ्या राखल्या, निराळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून बारीक दाण्याचे नवे वाण सिद्ध केले. बाजारात त्यास त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. कर्त्याचे नाव त्यात आले नाही. बियाणे हातोहात पसरले. १९९८ मध्ये कृषि विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसृत केले आणि मूळ श्रेय कोणाचे, हा वाद पुढे पुष्कळ चालला. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने दादाजींचा गौरव केला खरा. पण २०१८ मध्ये ते वारले ते हलाखीतच.

जमिनीचा फेरफार वेळेवर नोंदला नाही, तर पुढे किती हेलपाटे पडतात हे आपण सर्व जाणतो. बुद्धीच्या मिळकतीचेही तसेच आहे. पीकवाणांविषयीच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास स्वतःचे वाण आपल्या नावे नोंदविता येते व त्यास फी पडत नाही. अवजाराची गोष्ट निराळी. त्याचे एकस्व हवे असल्यास ते चारचौघांत मांडण्यापूर्वीच अर्ज करावा. एकदा सर्वांस ज्ञात झालेली वस्तु कायद्याच्या दृष्टीने सहसा नवी राहत नाही.

लिहिण्यास वेळ कोठे, अशी सबब सांगण्यात येते. परंतु उधारीचा आकडा टिपण्यास आपणांस वेळ सापडतोच. एक वही पुरे: तारीख, मोजमाप, खर्च आणि शेजारच्या नेहमीच्या वाफ्याशी केलेली तुलना. फसलेला प्रयोगही लिहावा, म्हणजे दुसऱ्याचे पैसे त्याच वाटेने जाणार नाहीत. आपल्या संस्थेनेही अशा प्रयोगांची नोंदवही ठेवावी व प्रत्येक नोंदीखाली दोन सभासदांच्या साक्षीच्या सह्या घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. येत्या खरिपापूर्वी कार्यकारी मंडळाने हा विषय सभेपुढे अवश्य आणावा.