‘त्याला काय कळतंय?’ म्हणण्याआधी

गेल्या हंगामात मातीचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ठिबकच्या नळीचे तुकडे एका रांगेत मांडत बसला होता. मी नाव विचारले. तो बोलला नाही. वडील म्हणाले, “साहेब, त्याच्याकडं ध्यान देऊ नका. त्याला काय कळत न्हाई.” मुलगा तिथेच, हातभर अंतरावर होता.

तेवढ्यात फवारणीचा पंप सुरू झाला. मुलगा कान झाकून आत पळाला. वडील चिडले, “बघा, पंपाला भितंय.” मी निघालो तेव्हा तो गाडीजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, “मी भीत न्हाई. आवाज डोक्यात टोचतो.”

म्हणजे आपल्याला काय होते हे त्याला नेमके ठाऊक होते. आणि घरचे आपल्याला काय समजतात, हेही.

शेतकरी बंधूंनो, याला स्वमग्नता म्हणतात. हे वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, आईच्या संगोपनातली चूकही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. कुणी उशिरा बोलतो, कुणी बोलतच नाही. कुणाला आवाज, उजेड, स्पर्श सोसत नाही. सगळ्यांची समज सारखी नसते, काहींना आयुष्यभर आधार लागतो, हे खरे. पण बोलत नाही म्हणून कळत नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

आपल्या धंद्यातलेच उदाहरण घ्या. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन, जन्म १९४७. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती बोलत नव्हती. तिला संस्थेत ठेवा, असा सल्ला मिळाला. आईने तो मानला नाही. पुढे तीच मुलगी पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली. गुरे चालता चालता का अडतात, हे बघायला ती स्वतः गुरांच्या वाटेत उतरली. लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, कुंपणावर टाकलेला कोट, एवढ्यानेही जनावर बिचकते, हे तिने दाखवून दिले. अचानक आवाजाने आपल्याला काय होते हे ती ओळखून होती, म्हणून तिला जनावराची भीती कळली. आपण चित्रांतून विचार करतो, हेही तिने स्वतःच लिहून ठेवले.

प्रत्येक मूल ग्रँडिन होणार नाही आणि व्हायलाही नको. पण त्याला विचारायला काय हरकत आहे? पंप लावण्याआधी सांगा. बोलता येत नसेल तर खुणेने, चित्राने विचारा. उत्तराला वेळ द्या. आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दल वाईट बोलू नका.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही विनंती आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यात ती आली. अशा मुलांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते. हात-पाय धड आहेत म्हणून त्यांची नावे यादीतून गाळू नका. घरोघर जाऊन चौकशी करा.

माती तपासल्याशिवाय जमीन नापीक म्हणू नका, असे आम्ही गावोगाव सांगत फिरतो. मग पोटच्या पोराला न विचारताच निकाल कसा देता?