उजेड किती, आणि कोठून?

वडोदऱ्याच्या उत्तरेचे छाणी आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले असले, तरी त्याची जुनी ख्याती जैन ज्ञानभांडारांची. ओघनिर्युक्तीची 1161 सालची सचित्र ताडपत्री पोथी कलेच्या इतिहासात छाणीच्या नावाने ओळखली जाते; सोळा विद्यादेवींची चित्रे तीत आहेत. ताडपत्राची रुंदी ती केवढी! तेवढ्यात अक्षरेही बसवायची आणि देवींचे डोळेही रेखायचे. पाठ, कंबर, मान वाकवून आणि दृष्टी खिळवून हे लिहिले आहे, तेव्हा यत्नाने सांभाळा, अशी विनवणी जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक पुष्कळदा करीत.

त्या लेखकांपाशी दिवसाचा उजेड आणि तेलाची ज्योत एवढेच होते. आपल्यापाशी विजेचे बटण आहे. तरीही संध्याकाळी अभ्यासाला बसलेले मूल डोळे चोळते, आणि सुई ओवायला आजीला नातीला हाक मारावी लागते. अशा वेळी आपण अधिक मोठा दिवा आणतो. परंतु पुष्कळदा उणीव उजेडाच्या प्रमाणात नसते, त्याच्या जागेत असते.

भिंतीवर उंच लावलेल्या ट्यूबकडे पाठ करून मूल बसले, की त्याच्याच डोक्याची सावली वहीवर पडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! शिवाय अंतर वाढले की उजेड झपाट्याने घटतो. लहान दिवा दोन मीटरांवरून एक मीटरवर आणला, तर कामावर पडणारा उजेड चौपट होतो. म्हणून लिहिण्याच्या मेजावर स्वतंत्र दिवा हवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे, डावखुऱ्याच्या उजवीकडे.

दुसरा दोष झगझगाटाचा. उघडा दिवा नजरेसमोर असला, की त्याच्या तेजापुढे पानावरची अक्षरे फिकी वाटू लागतात. दिव्याला झाकण असावे. गुळगुळीत कागद चकाकू लागला, तर दिवा थोडा बाजूस सरकवावा. मात्र मेजावर लख्ख उजेड आणि खोलीत काळोख, असेही नको. मान वर केली की डोळ्यांना प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते. दिवसा मेज खिडकीला काटकोनात ठेवावे. 1910 साली सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या येथील मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या जमिनी आहेत. उजेड वरून खाली झिरपावा हा त्यातला हेतू.

तिसरा दोष डोळ्यांना सहसा जाणवत नाही. आपली वीज 50 हर्ट्‌झची. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब, तसेच काही निकृष्ट एलईडी दिवे, सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. ब्रिटनमध्ये 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कचेरीतील अशा ट्यूबऐवजी न लुकलुकणारी प्रकाशयोजना केली, तेव्हा डोकेदुखीच्या व डोळे शिणण्याच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या.

आता प्रमाण. कचेरीतील लेखनवाचनासाठी मेजावर सुमारे 500 लक्स उजेड असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. बारीक शिवणाला त्याहून अधिक लागतो, आणि धाग्यांचे रंग जुळवायचे तर रंग खरे दाखवणारा दिवा निवडावा. पण हा आकडा सर्वांना सारखा नव्हे. साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. नातवाला पुरणारा दिवा आजीला अपुरा पडतो, तो तिचा हट्ट नव्हे.

मंद उजेडाने डोळे शिणतात, मात्र कायमचे बिघडत नाहीत. परंतु भरपूर उजेडातही अक्षर धूसर दिसू लागले, किंवा दिव्याभोवती वलये दिसू लागली, तर मोतीबिंदू वा अन्य विकाराची शंका घ्यावी आणि दिवा बदलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

आज रात्री एवढेच करावे. ज्याचे काम, त्याच्या जागेवर स्वतः बसावे. दिवा डोळ्यांत येतो का, हाताची सावली कामावर पडते का, हे पाहावे. आजीची खुर्ची तेवढी विसरू नये.