दुकानातलं डावं-उजवं

भाची बारा वर्षांची. लिहिते डाव्या हाताने, कॅरमचा स्ट्रायकर मारते डाव्या हाताने, आणि आजीने कितीही डोळे वटारले तरी प्रसादासाठी आधी पुढे येतो तो डावाच. तिला गिटार शिकायची हुक्की आली म्हणून पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने भिंतीवरची एक गिटार काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती सहज उलटी फिरवली, दांडी उजव्या हातात धरली आणि डाव्या अंगठ्याने सहाही तारा झर्रकन छेडल्या. दुकानदार हसला. गिटार सुलटी करत म्हणाला, "अशी धरायची. लेफ्टी असली तरी अशीच, सगळे असेच शिकतात. उलट तुला फायदाच आहे बघ, कॉर्ड डाव्या हातानेच धरायच्या असतात."

तीस सेकंदांत निकाल लागला. आम्ही हाताबद्दल विचारलं होतं, उत्तर मालाच्या साठ्याबद्दल मिळालं. भिंतीवर डावखुरी गिटार एकही नव्हती. असती तर दुकानदाराचं मत निराळं असतं, असा माझा आपला संशय.

त्याचा तो 'फायदा' मात्र जरा तपासून बघण्यासारखा आहे, कारण गिटारच्या क्लासांतही तो हमखास ऐकवला जातो. उजव्या गिटारवर घाम गाळतो तो डावा हात, यात वाद नाही. एफची कॉर्ड एकदा धरून बघा. तर्जनी सहा तारांवर आडवी दाबायची आणि उरलेली बोटं वाकवून आपापल्या जागी टेकवायची. पहिले काही आठवडे बोटांची टोकं अशी हुळहुळतात की चहाचा कप धरवत नाही. उजव्या हाताचं काम तेवढं खाली-वर, खाली-वर. मग ज्याचा डावा हातच तल्लख, त्याची चैनच की! पण हे खरं धरलं तर जगातल्या यच्चयावत उजव्या माणसांनी गिटार उलटी धरायला हवी होती. अवघड काम तल्लख हाताला द्यायचं एवढी अक्कल त्यांनाही असणार. तरी कुणी तसं करत नाही. सतारीची मिजराब उजव्या तर्जनीत असते, व्हायोलिनचा गज उजव्या हातात. डावा हात कुठला सूर वाजायचा ते ठरवतो. तो केव्हा, किती जोरात आणि किती वेळ वाजायचा, हे दुसऱ्या हाताकडे. नवशिक्याची कॉर्ड चुकली तर ऐकणारा जरासं तोंड वाकडं करतो. ठेका सुटला तर गाणंच खाली बसतं.

म्हणून डावखुऱ्याने उजवी गिटार घेऊच नये का? तसंही नाही. डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर डावखुरा, पण गिटार उजवी. त्याची बोटं ऐकून काही अडल्यासारखं वाटत नाही. तिकडे पॉल मॅकार्टनीची गोष्ट अगदी उलटी. पोराला उजव्या गिटारवर काही जमेना. मग त्याने अमेरिकन गायक स्लिम व्हिटमनचं एक चित्र पाहिलं. व्हिटमन गिटार डावी धरून होता. आपल्यालाही तारा उलट्या क्रमाने लावता येतील, हे मॅकार्टनीच्या डोक्यात तेव्हा शिरलं. गंमत म्हणजे व्हिटमन मुळात डावखुरा नव्हताच. कारखान्यातल्या अपघातात डाव्या हाताचं एक बोट जवळपास गेलं, तारा दाबणं अवघड झालं, म्हणून त्याने गिटार फिरवून घेतली होती. एका उजव्या माणसाच्या अडचणीतून एका डावखुऱ्याला वाट सापडली.

"मग साधी गिटार घ्या आणि तारा उलट्या लावून घ्या," असं सुचवणारा एक काका प्रत्येक घरात असतो. जिमी हेंड्रिक्सने तेच केलं, हा त्याचा पुरावा. हेंड्रिक्सने उजवी स्ट्रॅटोकास्टर उलटी करून वापरली हे खरं, पण ती इलेक्ट्रिक, आणि तो हेंड्रिक्स. साध्या अकूस्टिक गिटारवर सगळ्यात जाड तार सुमारे ०.०५३ इंचांची, सगळ्यात बारीक ०.०१२ इंचांची. दांडीच्या टोकाच्या नटमध्ये प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे खाच पाडलेली असते. तारा उलटवल्या की जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार रुंद खाचेत खुळखुळते. खालच्या बाजूचं सॅडल मुद्दाम तिरकं बसवलेलं असतं, जाड तारांना थोडी जास्त लांबी मिळावी म्हणून. ते उलटं पडलं की मोकळ्या तारा सुरात लागतात, पण दांडीवर वर सरकत जावं तसा सूर हलायला लागतो. नवशिक्याला वाटतं, आपलाच कान कच्चा. त्याबाबतीत तबलजी सुखी. डग्गा उजवीकडे आणि तबला डावीकडे घेतला की झालं, नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

बरं, लिहायचा हात आणि वाजवायचा हात एकच असेल असंही नाही. सचिन तेंडुलकर सही डाव्या हाताने करतो आणि बॅटिंग उजवी. सौरव गांगुली बाकी सगळ्यात उजवा. पण थोरला भाऊ डावा फलंदाज, घरात त्याचं कीट पडलेलं, तेच वापरता वापरता हा डावा खेळायला लागला. म्हणजे वही-पेन पुढे करून हात ओळखायचा आणि त्यावरून गिटार ठरवायची, हेही दुकानदाराच्या उत्तराइतकंच घाईचं. त्यापेक्षा गाणं लावावं आणि मुलाला सांगावं, हातात गिटार आहे असं समज. कुठला हात ठेका धरतो ते गुपचूप पाहावं. हात दर वेळी डावाच हलत असेल तर डावी गिटार. एकदा हा, एकदा तो, असं होत असेल तर खुशाल उजवी घ्यावी. ती स्वस्त पडते, कुठेही मिळते, आणि कोजागिरीला गच्चीवर एकच गिटार हातोहात फिरते तेव्हा आपली पाळी चुकत नाही. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण कॉलेजच्या वयात तो फार मोठा असतो.

आणि हात शिकतो हो, काहीही शिकतो. हरिप्रसाद चौरसियांनी अन्नपूर्णादेवींकडे शिकायचं ठरवलं तेव्हा ते तयार वादक होते. पाटी कोरी करायची म्हणून त्यांनी बासरीची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडे नेली. पुढची सगळी कारकीर्द तशीच. उजव्या गिटारवाले हेच उदाहरण आपल्या बाजूने देतील: बघा, कुठल्याही हाताला वळण लावता येतं! लावता येतं. पण इथे वळण वादकाने स्वतः लावून घेतलं, कशासाठी हे पुरतं ठाऊक असताना. बारा वर्षांच्या मुलीची गिटार कुणीतरी सुलटी करून देतो, तेव्हा तिला आपण काही निवडलं हेही कळलेलं नसतं. सहा महिन्यांनी कंटाळून तिने गिटार कपाटावर टाकली, तर घरचे म्हणणार, हिला गाण्याचं अंग नाही.

डावखुरी गिटार खपत नाही म्हणून ठेवत नाही, असं दुकानदार म्हणाला. ठेवत नाही म्हणूनही खपत नसेल, असं मी म्हणालो. त्यावर त्याने कॅटलॉग काढला. मागवावी लागेल, आगाऊ पैसे भरावे लागतील, रंग निवडता येणार नाही, आणि आल्यावर परत घेणार नाही. थोडक्यात, जिला अजून एकही कॉर्ड येत नाही तिने न वाजवता, न धरता ठरवायचं. विकायला नको, निदान धरून बघायला तरी एक डावी गिटार दुकानात असावी, क्लासमध्ये असावी, तिच्या तारा गंजल्या तरी चालतील. दुकानदार मान हलवत होता तोवर मी भिंतीवरच्या गिटारी मोजल्या. तेवीस होत्या.