मागच्या सीटचे मत कोण विचारणार?

‘स्पोर्ट सेडान म्हणजे एका गाडीत दोन गाड्या. रोज घरच्यांना फिरवा आणि मोकळा रस्ता मिळाला की मजा करा.’ हे वाक्य आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. आष्टी, कडा, जामखेडपर्यंत येऊन पोहोचले आहे. पुण्यात नोकरीला लागलेली, आखातातून चार पैसे कमावून परतलेली आपली मुले जुन्या बाजारातून अशी गाडी आणतात, घरासमोर उभी करतात आणि मोहल्ल्यात शान वाढते. त्यांचा आनंद मला कळतो. ज्याने आपल्या अब्बांना आयुष्यभर एसटीच्या दांड्याला लटकताना पाहिले, त्याने चांगली गाडी घ्यावी, यात वावगे काय? माझे भांडण त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याशी आहे: ‘रोज घरच्यांना फिरवा.’ हे बोलणारा माणूस नेहमी स्टिअरिंगमागे बसलेला असतो. ज्यांना फिरवायचे, त्यांना कुणी विचारलेले नसते.

तेव्हा आधीच स्पष्ट सांगतो. घरची गाडी आरामदायी आहे की नाही, याचा निवाडा मागे बसणाऱ्याने करायचा असतो. चालवणाऱ्याची साक्ष इथे ग्राह्य धरता येत नाही.

दोन भाषा शिकवून पोट भरणारा माणूस आहे, म्हणून शब्दापासून सुरुवात करतो. उर्दूत ‘सवारी’ म्हणजे वाहन, आणि सवारी म्हणजे त्यात बसलेला माणूसही. टांगेवाला ‘दोन सवाऱ्या आहेत’ म्हणायचा तेव्हा तो घोड्याबद्दल बोलत नसे. जनानी सवारी असेल तर टांग्याला पडदा लागायचा, घोडा हळू हाकला जायचा. वाहन आणि माणूस यांना एकच शब्द होता, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा विचार होत नसे. आज गाडीवर तासभर बोलणारी मुले बीएचपी सांगतात, शून्यापासून शंभरपर्यंतचे सेकंद सांगतात, बूट किती लिटरचा ते सांगतात. सवारीचा उल्लेख कुठेच येत नाही.

आता एसटीत या. मराठवाड्यातल्या माणसाला सस्पेन्शनचे शास्त्र कुणी शिकवावे लागत नाही, ते त्याच्या कमरेला ठाऊक असते. एसटीची शेवटची सीट कुणाला नको असते. ती मागच्या चाकांच्याही पलीकडे असते, त्यामुळे चाक खड्ड्यात गेले की तिथला माणूस झोपाळ्याच्या टोकावर बसल्यासारखा उडतो. म्हणून म्हातारे माणूस किंवा पोटुशी बाई चढली की पुढचा कुणीतरी उठून जागा देतो. सेडानमध्ये मागची सीट मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात, जवळजवळ त्यांच्या डोक्यावरच असते. चालक मात्र दोन्ही चाकांच्या मध्ये, गाडीतल्या सर्वांत शांत जागेजवळ बसतो. म्हणजे एसटीत ज्यांना आपण मागे बसू देत नाही, त्यांनाच स्वतःच्या गाडीत मागे बसवतो, आणि वर विचारतो, ‘मग? कशी आहे गाडी?’

चालकाला आणखी एक सवलत असते. त्याला खड्डा आधी दिसतो. त्याचे हात चाकावर घट्ट असतात, पाय टेकलेले असतात, पाठ आपोआप ताठ होते. धक्का येतो तेव्हा त्याचे शरीर तयार असते. मागच्या सीटवर पेंगलेली आजी, मांडीवर बाळ घेतलेली सून, मोबाइलमध्ये मान घातलेला पोरगा यांना कसलीच पूर्वसूचना नसते. एकाच गाडीत, एकाच खड्ड्यावर दोघांना दोन वेगळे धक्के बसतात. आणि टेस्ट ड्राइव्ह कशी होते, तेही आठवा. गुळगुळीत रस्ता, घेणारा चालवतोय, शेजारी शोरूमचा मुलगा बोलतोय, मागची सीट रिकामी!

आपल्याकडे हा प्रश्न चैनीचा का नाही, तेही सांगतो. आष्टीच्या माणसाला मोठे दुखणे आले की नगर गाठावे लागते, आता त्याला अहिल्यानगर म्हणायचे. २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालेल्या आपल्या रेल्वेने ते अंतर ६६ किलोमीटर आहे, रस्त्यानेही साधारण तेवढेच. वाटेत कडा, धानोरा, चिचोंडी पाटील. गाव आले की गतिरोधक. उसाचा हंगाम लागला की ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. याच रस्त्याने बाळंतीण घरी येते, मणक्याचे ऑपरेशन झालेला माणूस येतो, डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा जातो-येतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशीच एक झोकदार सेडान घेतली. कंपनीचे नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. अम्मीला गुडघ्यांसाठी नगरला नेले. परतीच्या वेळी अम्मी म्हणाल्या, ‘बेटा, मेरेकू एस्टी में बिठा दे.’ पोरगा ही गोष्ट हसत सांगतो. मला हसू आले नाही.

आता थोडे गणित. शाळेतला सातवीचा मुलगाही करील इतके सोपे. टायरवर २०५/५५ आर १६ असे लिहिलेले असते. २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंचीची रबराची भिंत आहे, १६ म्हणजे आतल्या रिमचा व्यास इंचांत. २०५ चे ५५ टक्के, म्हणजे जवळपास ११३ मिलिमीटर रबर. आता ज्याच्यावर पोरे जीव टाकतात तो २२५/४० आर १८ घ्या. २२५ चे ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. दोन्ही चाकांचा एकूण व्यास काढा. पहिल्याचा सुमारे ६३२, दुसऱ्याचा ६३७ मिलिमीटर. चाक जवळजवळ तेवढेच राहिले. फक्त चहूबाजूंनी २३ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त रबर काढून त्या जागी धातू भरला. खड्ड्याचा पहिला मार रबर खाते. ते कमी केले की उरलेला मार रिम खाते, शॉकअप खातो आणि शेवटी अम्मींची कंबर खाते.

स्प्रिंगचेही तसेच. साध्या घरगुती गाडीची स्प्रिंग अशी असते की धक्का बसल्यावर गाडीचे अंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली होते. स्पोर्ट गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप ताठ केलेले असतात, कारण वळणावर गाडी झुकू नये. ती झुकत नाही, हे खरेच. पण माणसाच्या शरीराला उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ वेळा येणारे हादरे सर्वांत जास्त टोचतात, आणि ताठ सस्पेन्शन नेमके तेच जास्त आत सोडते. मऊ गाडी डोलते, ताठ गाडी ठोकते. डोलण्याने एखाद्याला मळमळते. ठोकण्याने दुखरा मणका रात्रभर झोपू देत नाही.

या प्रकारच्या गाडीचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे स्कोडाची ऑक्टाव्हिया. २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, ती तयार होऊ लागली. साधी ऑक्टाव्हिया अनेक घरांनी वर्षानुवर्षे वापरली. तिचा आरएस हा स्पोर्ट अवतार वेगळा. २०१७ मध्ये तो २३० पीएस ताकदीसह सुमारे साडेचोवीस लाखांना आला. २०२० मध्ये २४५ पीएसच्या फक्त २०० गाड्या आल्या, किंमत छत्तीस लाखांच्या घरात. २०२५ मध्ये २६५ पीएसच्या अवघ्या १०० गाड्या, पन्नास लाखांना. दर वेळी ताकद वाढली, गाड्या कमी झाल्या आणि तेवढीच हवा झाली. गाडी म्हणून ती उत्तम आहे, यात वाद नाही. पण तिचे सस्पेन्शन साध्या ऑक्टाव्हियापेक्षा बसके आणि ताठ आहे, आणि हे कंपनीने लपवलेले नाही. तीच तर तिची जाहिरात आहे. लपवाछपवी आपण करतो, तिला ‘फॅमिली कार’ म्हणून.

याच्या शेजारी चाकणला बनणारी फोक्सवॅगनची व्हर्टस ठेवा, २०२२ मध्ये आलेली. तिच्या जीटी प्रकारात १५० पीएसचे इंजिन आहे, पण टायर २०५/५५ आर १६ आणि जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर. म्हणजे आपले रस्ते पाहून कंपनीने वेगवान इंजिन देतानाही गाडी उंच ठेवली, रबर शाबूत ठेवले. आणि आपली पोरे काय करतात? गॅरेजमध्ये जाऊन स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवतात, मोठे अलॉय आणि पातळ टायर चढवतात. इंजिनिअरांनी विचार करून दिलेला आराम पैसे मोजून काढून टाकतात! मग पहिल्या गतिरोधकाला चेंबर घासतो आणि शिव्या ग्रामपंचायतीला.

ग्रामपंचायतीला शिव्या द्याव्यात की नाही? जरूर द्याव्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने विनातक्रार ओलांडेल. आपल्याकडे उरलेल्या डांबराचा ढीग टाकला की झाला गतिरोधक. ‘सर, दोष रस्त्याचा, गाडीचा नाही,’ असे मला ऐकवले जाते. दोष रस्त्याचाच आहे. त्यासाठी अर्ज करा, निवेदन द्या, मीही सही करतो. पण तो रस्ता होईल तेव्हा होईल. अम्मींची तारीख येत्या मंगळवारी आहे. गाडी आज आहे त्या रस्त्यासाठी घ्यायची असते.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे, म्हणून त्याला टाळत नाही. ‘समृद्धीवर चालवून पाहा, मग बोला.’ बरोबर आहे. जून २०२५ पासून पूर्ण खुला झालेल्या त्या ७०१ किलोमीटरच्या महामार्गावर, ताशी शंभर-एकशेवीसच्या वेगाला, ताठ गाडी खरोखर जास्त सुखाची असते. ती तरंगत नाही, लेन बदलताना हेलकावत नाही, मागच्यांना मळमळत नाही. त्या रस्त्यावर स्पोर्ट सेडान मऊ गाडीला हरवते, हे मान्य. प्रश्न एवढाच की आपले कुटुंब त्या रस्त्यावर वर्षातून किती वेळा जाते आणि आष्टी-नगर रस्त्यावर किती वेळा? ज्याचे रोजचे जगणे समृद्धीवर आहे, त्याने खुशाल घ्यावी.

तिसरे म्हणतात, मग एसयूव्ही घ्या. हेही डोळे झाकून नको. उंच गाडी खड्ड्यात आडवी डोलते, मागच्या सीटवर डोकी काचेला लागतात. आणि तिलाही हल्ली मोठी रिम आणि पातळ रबर देण्याची फॅशन आली आहे. पायरीसारखी उंच चढण वयस्कांना तितकीच जड जाते. आराम गाडीच्या आकारावरून कळत नाही, बसूनच कळतो.

आणि बसणे म्हणजे फक्त सीटवर असणे नव्हे. आत शिरणे आणि बाहेर येणेही त्यात आले. ज्या अम्मी आता खुर्चीवर बसून नमाज पढतात, कारण गुडघे वाकत नाहीत, त्यांना आपण जमिनीलगतच्या सीटमध्ये उतरायला लावतो. बाहेर येताना दोघांनी हात द्यावा लागतो. स्वाभिमानी म्हातारी माणसे मग हळूहळू ‘मला नाही यायचे, तुम्ही जाऊन या’ म्हणू लागतात. घरच्यांना वाटते, अम्मीला फिरायची आवड नाही. गाडी दारात आली आणि ज्यांच्या नावाने आली त्यांचे बाहेर पडणे कमी झाले, अशी घरे मी पाहिली आहेत.

याचे मूळ गाडीत नाही, निर्णयात आहे. २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली. त्या बातमीचा अर्थ ‘आम्हीही काही कमी नाही’ एवढाच होता. मराठवाड्याच्या माणसाला ते सांगावेसे वाटणे मी समजू शकतो, आणि आपल्या समाजातल्या तरुणाला तर ते दुप्पट सांगावेसे वाटते. पण शान रस्त्यावरच्या लोकांसाठी असते, आराम घरच्यांसाठी. आपल्या घरांत ‘मशवरा’ हा शब्द फार आदराने उच्चारला जातो. लग्नाला मशवरा, जमिनीला मशवरा, मुलीच्या शिक्षणालाही मशवरा. मग जिच्यावर पुढची सात वर्षे हप्ते जाणार, त्या गाडीचा मशवरा फक्त मित्रांशी आणि मोबाइलशी का? आयुष्यभर मागे बसणाऱ्या बायकांना फक्त रंग विचारून का सोडता?

गाडी घेणाऱ्याला माझे सांगणे थोडक्यात आहे. शोरूममधून गाडी मागा तेव्हा चावी दुसऱ्याच्या हातात द्या आणि स्वतः आईसोबत मागे बसा. चकचकीत रस्ता सोडून आपल्या नेहमीच्या खराब रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने न्यायला सांगा, कारण सस्पेन्शनचा कस तिथेच लागतो. आईला स्वतःहून चढू-उतरू द्या, हात देऊ नका, फक्त पाहा. एकाच गाडीत दोन मापांची चाके मिळत असतील तर लहान रिमचे घ्या. हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच भरा. आणि स्प्रिंग कापून गाडी खाली करू नका. नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल कायद्यालाही चालत नाही.

एवढे करूनही घरच्यांनी स्पोर्ट सेडानलाच पसंती दिली, तर माझा आक्षेप संपला. आणि ज्यांनी ती आधीच घेतली आहे, त्यांनी एका रविवारी चावी धाकट्या भावाला द्यावी, मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसावे आणि आष्टी ते नगर जाऊन परत यावे. त्यानंतर ‘मक्खन चलती है’ असे म्हणायची इच्छा उरली, तर माझ्यासमोर येऊन म्हणावे. मी ऐकून घेईन.